आज कुठपर्यंत जाशील?

"एसएस पॅटर्न आहे," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. ज्या मुलीचं रक्त तपासलं होतं ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

ती माझी धाकटी बहीण रैनी. वय तेरा, आठवीत, एटापल्ली तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत. मी चंद्रपूरला हॉस्टेलवर राहून बी.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदवी करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माय-बाबांना दवाखान्यातलं बोलणं कळतं, पण समोर डॉक्टर असला की त्यांचा आवाज निघत नाही. म्हणून सगळीकडे मी पुढे असते.

डॉक्टरांनी मला समजावलं. सिकल सेल डिसीज. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक असतो, त्याला फारसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर एसएस. बरा होत नाही, सांभाळावा लागतो.

दोन वर्षं तिची पाठ आणि पाय दुखत होते. डोळे पिवळे व्हायचे. गावात कावीळ म्हणून झाडपाला झाला. शाळेत तिला कामचुकार म्हटलं गेलं.

रैनीनं मधेच विचारलं, "दोन एस म्हणजे पास का नापास?"

डॉक्टर हसले. उत्तर तिला मिळालं नाही. मला म्हणाले, "हिला जरा बाहेर बसवा, मग बोलू."

आणि मी तिला बाहेर बसवलं. डॉक्टरांच्या दारात शंभर माणसं उभी होती, त्यांना वेळ नव्हता, हे मी समजू शकते. मला वेळ होता. तरी मी तिचा दंड धरून तिला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि तिच्या आजाराबद्दल तिच्याशिवाय बोलायला आत आले. मला हे लिहिताना राग येतो. हा लेख बराचसा रागातच लिहिलेला आहे. माझी भाषा कुठे चुकली तर सांभाळून घ्या, पण राग सांभाळून घेऊ नका.

त्या दिवशी मिळालेल्या सूचना सांगते, कारण ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना त्या लागतील. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल रोज; तिच्यामुळे पेशी कमी वाकतात. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. ती नवीन रक्त तयार व्हायला मदत करते. दिवसभर भरपूर पाणी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त अडकतात. थंडीपासून जपायचं. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर वाट न बघता दवाखाना.

मग समुपदेशनाच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मॅडमनी फॉर्म भरला. घरात किती माणसं, शेती किती, कोणाला हा आजार आहे का. शेवटी रैनीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपण निवांत बोलू हं, बेटा." पुढच्या वेळी तिथे दुसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी तोच फॉर्म पहिल्यापासून भरला आणि पुढच्या वेळी निवांत बोलू म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळी खोलीला कुलूप होतं.

बसस्टँडवर रैनी म्हणाली, "ताई, हे सगळे पुढच्या वेळावाले कुठी राहत असतीन?"

मी हसले. माझ्या फील्डवर्कच्या रजिस्टरमध्ये पहिल्या वर्षी भेटलेली बारा मुलं आहेत. बाराही जणांना मी 'परत येईन' म्हटलं होतं. त्यांतल्या एकीला तिचा फोटो आणून देणार होते. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी नाल्यावर कपडे धूत होतो. रैनी चादर पिळता पिळता थांबली.

"ताई, एक सांगू? कोणाले सांगशील नाई ना?"

"नाई सांगत."

"मायची शपथ?"

"मायची शपथ."

तिनं सांगितलं की शाळेच्या वसतिगृहात तिची गादी ओली होते. आठवड्यातून दोनदा, तीनदा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती गादी उलटी करते आणि वर चादर ओढते. मैत्रिणींना अजून कळलं नव्हतं. तिला वाटत होतं की आपण लहान मुलीसारख्या झालो, आपल्यात काहीतरी घाण आहे.

मला कारण माहीत होतं. सिकल सेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते, आणि पाणीही जास्त प्यायचं असतं. मी तिला ते सांगितलं. तिचा चेहरा मोकळा झाला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी माझंच कौतुक वाटलं. वर्गात शिकवलेलं विश्वासाचं नातं मी नाल्यावर कपडे धुता धुता जोडलं, असं वाटलं.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्यासारख्या घरातली मुलगीच करू शकते.

आमच्या गावात माझी ओळख 'अर्ज लिहिणारी पोरगी' अशी आहे. दहावीत होते तेव्हापासून मी लोकांचे अर्ज लिहिते. वनहक्काचे, जातीच्या दाखल्याचे, विजेच्या मीटरचे. कागदावर लिहून दिलं की काम होतं, निदान कोणी हाकलून देत नाही, एवढा माझा कागदावर विश्वास. मी एक कोरा ताव घेतला, समास आखला आणि शाळेच्या अधीक्षिकांना, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख बाईंना, अर्ज लिहिला.

'विषय : विद्यार्थिनी रैनी हिस आजारामुळे अंथरुणात लघवी होत असल्याबाबत.'

खाली सिकल सेलची माहिती लिहिली. 'तरी सदर विद्यार्थिनीस सहकार्य करावे ही नम्र विनंती.' अक्षर माझं चांगलं आहे. सुट्टी संपल्यावर तिला शाळेत सोडायला गेले तेव्हा ऑफिसात जाऊन दिला, पोचही घेतली. रैनीला सांगितलं नाही. सगळं नीट झालं की सांगू, असं ठरवलं होतं.

अधीक्षिकांनी तो अर्ज संध्याकाळच्या हजेरीला सगळ्या मुलींसमोर वाचला.

हे मला तेव्हा कळलं नाही. पौषात मला शाळेतून फोन आला की बहिणीला गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय, या. मी चंद्रपूरहून पोचले तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजन होता, ओठ पांढरे होते. अक्यूट चेस्ट सिंड्रोम, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. वाकड्या पेशी फुप्फुसात अडकतात, छाती दुखते, ताप येतो, श्वास पुरत नाही. यात माणूस जाऊ शकतो. रक्त चढवावं लागेल.

"किती दिवसांपासून दुखतंय?" त्यांनी रैनीला विचारलं.

रैनीनं भिंतीकडे तोंड केलं.

शाळेतून तिच्यासोबत फुलाबाई आल्या होत्या. त्या तिथे कामाठी आहेत, म्हणजे स्वयंपाक आणि झाडलोट करतात. त्याच बोलल्या. "तीन दिवस झाले मॅडम, पोरगी जेवून नाई राह्यली. मी विचारलं तं म्हणे काई नाई, काई नाई. काल भांड्याजवळच बसली खाली."

मग बाहेर येऊन त्यांनी मला बाकीचं सांगितलं. हजेरीला अर्ज वाचला ते. रैनीची गादी खोलीतून काढून व्हरांड्यात टाकली ते. आणि संध्याकाळी पाचनंतर तिला पाणी द्यायचं नाही असा हुकूम झाला ते. "मी दोनदा लपवून तांब्या देला, बाई. पोरीनंच नाई घेतला. म्हणे, अजून भिजली तं?"

पौषाची थंडी, व्हरांडा, आणि पाणी बंद. या आजारात जे जे करू नये ते सगळं माझ्या सुंदर अक्षरातल्या एका अर्जानं केलं.

वॉर्डात एक तक्ता होता. दुखणं किती आहे हे मुलांना दाखवता यावं म्हणून सहा चेहरे काढलेले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. शिकाऊ सिस्टरनं तो रैनीपुढे धरला. रैनीनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. श्वास घेताना तिच्या गळ्याशी खड्डा पडत होता आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर. सिस्टरनं 'शून्य' लिहून घेतलं.

मी तिच्यावर ओरडले. नर्सिंगला शिकणारी, माझ्याच वयाची मुलगी होती ती. तिला जे शिकवलं होतं ते तिनं केलं. मीही तेच केलं होतं.

रक्त चढल्यावर रैनी थोडी बोलू लागली. मी विचारलं, "काऊन नाई सांगितलं छाती दुखते म्हणून? मरून गेली असती तं?"

ती म्हणाली, "एक गोष्ट सांगतली होती ना तुले."

एवढंच. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. पाणी हवं असलं तरी गावाहून आलेल्या मायकडे बघायची.

डॉक्टर मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं. हे परत होऊ शकतं. पुढच्या वेळी वाचवायचं तर पहिल्या दिवशी कळायला हवं, आणि ते फक्त हीच सांगू शकते. "हिनं सांगणं हेच अर्धं औषध आहे," त्या म्हणाल्या. आणि माझी बहीण कोणालाही काहीही सांगायचं नाही असं ठरवून बसली होती.

चौथ्या दिवशी सुखदेवभाऊ आले. दवाखान्यात सिकल सेलचे समुपदेशक, कंत्राटावर. चाळिशीचे, खिशाला दोन पेन, पायात चप्पल. मी उठून उभी राहिले आणि सगळा इतिहास सांगायला लागले. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि रैनीला विचारलं, "इथी बसू का?"

रैनीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"बरं. मंग उभा राहतो. पाय दुखले का जाईन."

ते खरंच उभे राहिले. काही विचारलं नाही. मग म्हणाले, "दुखले. उद्या अकरा वाजता येतो," आणि गेले. मला चीड आली. हे काय समुपदेशन? आमच्या वर्गात मुलाखतीच्या सात पायऱ्या शिकवल्यात.

दुसऱ्या दिवशी अकराला ते हजर होते. परत उभे. परत गेले. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तशी रैनीनं दाराकडे दोनदा पाहिलं. ते धापा टाकत आले. "सात मिनिटं उशीर झाला. साहेबानं पकडलं होतं. चूक माझी."

"बसा ना भाऊ," रैनी म्हणाली. "डोक्यावर काऊन उभे राहता?"

बसल्यावर त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचे नियम सांगितले. मला ते जवळजवळ पाठ आहेत. "तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहीन. वहीत लिहीन ते तुले वाचून दाखवीन. तू नाई म्हणशील तं खोडीन. पण ताप, छातीत दुखणं आणि दम, हे तीन मी लपवणार नाई. हे सांगतलं तं मी सरळ डॉक्टरले सांगीन, आणि सांगाच्या आधी तुले म्हणीन का सांगून राह्यलो. हे आधीच सांगतो, मंग म्हणू नको का भाऊनं धोका देला."

रैनीनं विचारलं, "आणि ताईले?"

"ताईले नाई."

मी तिथेच उभी होते.

दोन दिवसांनी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. ती काय म्हणाली ते मला सांगा म्हटलं. ते नाही म्हणाले. मी चिडून म्हणाले, "मी तिची सख्खी बहीण आहे. आणि मी बी.एस.डब्ल्यू. करते."

"मंग तं तुले माहीत असंन मी काऊन नाई सांगत," ते म्हणाले. "तिले विचार ना. नाई सांगतलं तं वाट पाय."

एवढा राग मला त्या अधीक्षिकांचाही आला नव्हता. तो उतरायला बरेच दिवस लागले, आणि उतरल्यावर खाली जे सापडलं ती लाज होती.

चेहऱ्यांचा तक्ता त्यांनी तिच्यापुढे कधीच धरला नाही. एकदा गप्पांत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरून निघालं का पहिले काय लागते?"

"दार लागते," रैनी म्हणाली.

"हुशार आहेस. मंग?"

"बोरिंग. मंग मोहाचं मोठं झाड. मंग नाला. मंग डांबरी रोड. मंग बाजार."

"आता उठून निघाली तं कुठपर्यंत जाशील?"

तिनं डोळे मिटले. खरंच मनातल्या मनात चालून बघत होती. "बोरिंगपर्यंत. नाई... दारापर्यंतच. पाठ नाई चालू देत."

आमच्याकडे दुखतं म्हणून सांगणं म्हणजे रडूबाईपणा. माय अंगात ताप असताना भाताची रोवणी करते. पण कुठपर्यंत जाता येतं हे सांगायला कोणाला लाज वाटत नाही, ते रोजचंच बोलणं आहे. सुखदेवभाऊंनी तिला सांगितलं की पाठीचं मी सिस्टरला सांगतोय, आणि गेले. सिस्टरनं दुखण्याचं औषध वाढवलं. संध्याकाळी रैनी मोहाच्या झाडापर्यंत पोचली होती.

एकदा तिनं त्यांना फसवलं. सुट्टी मिळावी म्हणून "बाजारापर्यंत" म्हणाली, आणि संडासला जाऊन येताना वॉर्डाच्या दारातच बसली. ते हसले. "जाईन म्हणाली, येईन नाई म्हणाली. चूक माझी, मी अर्धंच विचारलं." त्यानंतर प्रश्नाला शेपूट लागली. कुठपर्यंत जाशील, आणि परत?

डिस्चार्जच्या वेळी शाळेला पत्र जायचं होतं. मी पेन काढलं तर भाऊ म्हणाले, "रैनी सांगंन ते लिहायचं." रैनीनं तीन गोष्टी सांगितल्या. गादी खोलीत, दाराजवळ. पाण्याची बाटली चोवीस तास उशाशी. कधीही संडासला जायची परवानगी. डॉक्टर मॅडमनी तेवढंच लिहिलं आणि सही केली.

"कारण?" मी विचारलं.

"वैद्यकीय," मॅडम म्हणाल्या. "बाकी त्यांना कशाला हवं?"

माझा अर्ज एवढाच असू शकला असता.

पत्र द्यायला मी भांडायच्या तयारीनं गेले. अधीक्षिकांनी ते वाचलं आणि माझा जुना अर्ज फाइलमधून काढून माझ्यापुढे ठेवला. "यात कुठी लिहिलं आहे का पाणी बंद नाई कराचं? माझ्यापाशी शंभराच्या वर पोरी आहेत, एक नळ आहे. मले वाटलं ते केलं."

मी अर्ज पुन्हा वाचला. लघवी होते, हे होतं. आजाराचं नाव होतं. 'सहकार्य करावे' होतं. पाणी थांबवू नका, हे एकच वाक्य नव्हतं. हजेरीला वाचल्याची माफी मी त्यांना आजही देत नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. पण पाण्याची चूक आमच्या दोघींची होती.

मी रैनीची माफी मागितली. 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द तोंडापर्यंत आले होते, ते गिळले. म्हटलं, "शपथ मोडली. तुले न विचारता सांगितलं. चुकली मी." नंतर तिनं पाणी माझ्याकडे मागितलं.

दर महिन्याला तपासणीला गेलो की सुखदेवभाऊ अर्धा तास तिच्याशी एकटे बोलायचे, दार उघडं ठेवून, मला ऐकू येणार नाही इतक्या लांब बसवून. एका महिन्यात त्यांनी तिला सांगितलं की त्यांचं कंत्राट संपत आलंय आणि अजून तीन भेटी आहेत. पुढच्या वेळी दोन म्हणाले. शेवटच्या वेळी वही उघडून तिच्याबद्दल लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं की नवीन माणसाला यातलं काय द्यायचं. रैनीनं काय ठेवलं नि काय खोडलं ते मला माहीत नाही.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. आजार जन्मभराचा आणि माणूस कंत्राटाचा. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या पोटची लेकरं कधी व्हरांड्यात झोपली नसतील. मला यावर नीट बोलता येत नाही, आवाज चढतो, म्हणून इथेच थांबते.

माझ्यासारख्या रजिस्टर घेऊन फिरणाऱ्या मुलामुलींना एवढंच म्हणायचं आहे. परत येणार नसाल तर येईन म्हणू नका. मुलाच्या तोंडून काही काढून घेण्याआधी ते कुठे जाणार हे त्याला सांगा. मी त्या फोटोवाल्या मुलीच्या गावाला मागच्या महिन्यात जाऊन आले. तिनं फोटो घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि म्हणाली, "आता मी अशी नाई दिसत." बरोबरच होतं तिचं.

फुलाबाईंचे आभार मानायचे आहेत. त्या बोलल्या नसत्या तर डॉक्टरांना काहीच कळलं नसतं. डॉक्टर मॅडमचे आहेत. आणि सात मिनिटांच्या उशिराची माफी मागणाऱ्या सुखदेवभाऊंचे आहेत.

हे सगळं लिहून झाल्यावर मी रैनीला वाचून दाखवलं. तिचं नाव तिनंच निवडलं, खरं वेगळं आहे. गादीचं ठेवू का, विचारलं. "ठेव," ती म्हणाली. "बाकीच्या पोरींच्याही भिजत असतीन. त्याईले वाटते आपलीच भिजते." दोन जागा मात्र तिनं काढायला लावल्या. मला त्या फार चांगल्या जमल्या होत्या. काढल्या.

परवा शाळेच्या फोनवरून तिचा फोन आला. मी विचारलं, "आज कुठपर्यंत?"

"नाल्यापर्यंत."

"आणि परत?"

मग म्हणाली, "परत नाई जमणार, ताई. ताप आहे. छातीतही थोडं आहे, सकाळपासून."

सकाळपासून, म्हणाली. तीन दिवसांपासून नाही. मी म्हटलं, "अधीक्षिकाबाईले सांगून राह्यली मी, हे तीनमधलं आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तं तुले फोन केला."